इतिहासाच्या परीक्षेसाठी आधारग्रंथ कोणता आणि कोणत्या कसोटीवर निवडावा?

पूर्णाकाठ (वसमत)

सर्वांना नमस्कार. मी इतिहास विषय घेऊन बी.ए. पूर्ण केले असून सध्या महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या गट ब आणि गट क सेवांच्या संयुक्त परीक्षेची तयारी करत आहे. पुढे राज्यसेवाही द्यायची आहे. अभ्यासाला वेळ आहे, बसायला अभ्यासिका आहे, घरच्यांचा पाठिंबाही आहे. अडचण आहे ती पुस्तकाची. आमच्या अभ्यासिकेत इतिहासासाठी जवळपास प्रत्येकाच्या हातात वेगळे पुस्तक दिसते. कोणी म्हणते की बालभारतीची पुस्तके पाठ केली की इतिहास संपला. कोणी एक हजार पानांचा ठोकळा, म्हणजे परीक्षेसाठी रचलेले जाडजूड पुस्तक, समोर ठेवून बसलेला असतो. आणि कोणी पुण्याहून आलेल्या क्लासच्या नोट्सची झेरॉक्स सोडून दुसरे काही उघडतच नाही.

माझ्यापाशी आज दोन ठोकळे आणि एक पदवीचे क्रमिक पुस्तक आहे. तिन्ही आलटून पालटून वाचताना गोंधळ वाढतो आहे. चौरीचौराची घटना एका पुस्तकात 4 फेब्रुवारी 1922 या दिवशी घडते आणि दुसऱ्यात 5 फेब्रुवारीला. हैदराबाद मुक्तिसंग्रामाला एका ठोकळ्यात अर्धे पान आहे, दुसऱ्यात संस्थानांच्या विलीनीकरणाच्या प्रकरणातील चार ओळी आहेत. ज्या जिल्ह्यात राहून मी हा अभ्यास करते, त्या जिल्ह्याचे नावही त्यात नाही.

माझा प्रश्न असा की, एकच पुस्तक आधार म्हणून धरायचे असेल तर ते कोणत्या कसोटीवर निवडावे? जाणकारांनी केवळ पुस्तकाचे नाव सांगून थांबू नये, त्यामागचे कारणही सांगावे, अशी विनंती आहे.


बालाघाट (अंबाजोगाई)

ताई, आपण कारण विचारले हे फार चांगले केले. महाविद्यालयात बरीच वर्षे इतिहास शिकवल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, पुस्तकाची निवड पुस्तकांच्या दुकानात सुरू होत नाही. ती अभ्यासक्रमाच्या पानापासून सुरू होते. संयुक्त परीक्षेच्या अभ्यासक्रमात इतिहासापुढे जी ओळ आहे, ती आधुनिक भारताच्या, विशेषतः महाराष्ट्राच्या इतिहासाची आहे. म्हणजे हडप्पा, मौर्य, गुप्त यांच्यावर तीनशे पाने खर्च करणारा ग्रंथ कितीही विद्वत्तापूर्ण असला, तरी या परीक्षेसाठी तो आपला आधारग्रंथ होऊ शकत नाही. राज्यसेवा पूर्वपरीक्षेत मात्र भारताचा इतिहास समग्रपणे येतो आणि तेथे प्राचीन व मध्ययुगीन कालखंड सोडून चालत नाही. दोन परीक्षांची तयारी एकत्र करणारे अनेक विद्यार्थी हा फरक न पाहता पुस्तक घेतात आणि मग पुस्तकाला दोष देतात.

दुसरी गोष्ट बालभारतीच्या पुस्तकांची. ती वाचावीत की नाही, हा वाद मला निरर्थक वाटतो. ती वाचलीच पाहिजेत, परंतु कोणत्या इयत्तेच्या पुस्तकात काय आहे हे ठाऊक असले पाहिजे. आपल्याकडे पाचवी, आठवी आणि अकरावी अशी जी परंपरागत यादी एका विद्यार्थ्याकडून दुसऱ्याकडे जाते, ती जुन्या अभ्यासक्रमाच्या काळातील आहे. अभ्यासक्रम बदलल्यानंतर 2018 मध्ये आलेले आठवीचे पुस्तक युरोपीय सत्तांच्या आगमनापासून 1857 चा लढा, सामाजिक व धार्मिक प्रबोधन, असहकार, सविनय कायदेभंग, सशस्त्र क्रांतिकारी चळवळ, समतेचा लढा, संस्थानांचे विलीनीकरण आणि महाराष्ट्र राज्याची निर्मिती येथपर्यंत सलग जाते. संयुक्त परीक्षेचा कणा त्या एका पुस्तकात आहे. सातवीचे पुस्तक मराठा सत्तेचे आहे, सहावीचे प्राचीन भारताचे, नववीचे स्वातंत्र्योत्तर भारताचे. दहावीचे पुस्तक इतिहासलेखनाच्या परंपरांवर आणि उपयोजित इतिहासावर आहे, म्हणून पूर्वपरीक्षेसाठी त्याला प्राधान्य देऊ नये, पण इतिहास हा विषय म्हणून ज्यांना आवडतो त्यांनी ते जरूर चाळावे. नवे अकरावीचे पुस्तक प्राचीन व मध्ययुगीन भारताचे आहे, त्यामुळे “अकरावीत आधुनिक भारत आहे” असे कोणी सांगितले तर तो जुन्या पुस्तकाविषयी बोलत असतो. बारावीच्या पुस्तकात वसाहतवाद, दोन महायुद्धे, निर्वसाहतीकरण आणि शीतयुद्ध आहे.

ही सर्व पुस्तके बालभारतीच्या संकेतस्थळावरून विनामूल्य उतरवून घेता येतात. खेड्यातील विद्यार्थ्याला याहून स्वस्त आणि विश्वासार्ह आरंभ दुसरा नाही.


तेरणा (धाराशिव)

सरांच्या म्हणण्याचा आदर ठेवून थोडे वेगळे मत मांडतो. मी गट क परीक्षेतून महसूल विभागात लागलो आहे आणि माझ्या अनुभवाप्रमाणे केवळ शालेय पुस्तकांवर वस्तुनिष्ठ परीक्षा निघत नाही. आठवीच्या पुस्तकात होमरूल चळवळ काही परिच्छेदांत येते. परीक्षेत मात्र विधाने देतात: टिळकांची होमरूल लीग एप्रिल 1916 मध्ये स्थापन झाली, ॲनी बेझंट यांची सप्टेंबर 1916 मध्ये, टिळकांच्या लीगचे कार्यक्षेत्र अमुक होते, त्यात मुंबई शहराचा समावेश नव्हता, यांपैकी कोणती विधाने बरोबर? येथे “1916, टिळक, बेझंट” एवढे माहीत असणारा विद्यार्थी दोन पर्यायांत अडकतो. चुकीच्या उत्तराला एक चतुर्थांश गुण वजा होतात, त्यामुळे अर्धवट माहितीवर उत्तर दिले तर हातचे गुणही जातात. महाराष्ट्रातील समाजसुधारकांच्या बाबतीत तर संस्था, वृत्तपत्र, ग्रंथ आणि वर्ष यांच्या जोड्या लावायला येतात, आणि तेवढा तपशील शालेय पुस्तकात नसतो.

म्हणून ठोकळ्याला एकदम नावे ठेवू नयेत. ज्या ठोकळ्यात प्रत्येक प्रकरणाखाली आयोगाचे मागील वर्षांचे प्रश्न वर्षासह दिले आहेत आणि उत्तरे अंतिम उत्तरतालिकेप्रमाणे आहेत, तो उपयोगी पडतो. आयोग आधी पहिली उत्तरतालिका प्रसिद्ध करतो, मग परीक्षार्थींचे आक्षेप मागवतो आणि त्यानंतर अंतिम उत्तरतालिका काढतो. या दोहोंत उत्तरे बदलतात, काही प्रश्न रद्दही होतात. घाईने छापलेल्या पुस्तकांत पहिल्या तालिकेचीच उत्तरे राहून जातात आणि रद्द झालेला प्रश्न विद्यार्थी वर्षानुवर्षे पाठ करत राहतो. पुस्तक घेण्यापूर्वी अलीकडच्या एका परीक्षेचे इतिहासाचे प्रश्न आयोगाच्या संकेतस्थळावरील अंतिम तालिकेशी ताडून पाहा. दुकानात उभ्या उभ्या दहा मिनिटांत हे होते आणि पुस्तकावर किती मेहनत घेतली आहे ते लगेच कळते.


मांजरा (लातूर)

तेरणा यांचे म्हणणे संयुक्त परीक्षेपुरते मान्य. परंतु धागाकर्त्या ताईंना राज्यसेवाही द्यायची आहे आणि तेथील चित्र आता पूर्ण बदलले आहे. 2025 पासून राज्यसेवा मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली आहे. सामान्य अध्ययनाचा पहिला पेपर 250 गुणांचा आहे आणि त्यात इतिहास, संस्कृती, समाज आणि भूगोल येतात. अठराव्या शतकापासूनचा जगाचा इतिहासही येतो. इतिहास हा वैकल्पिक विषय घेतला तर आणखी 500 गुण. पर्यायांवर खूण करण्यासाठी रचलेले पुस्तक समोर ठेवून असे उत्तर लिहिता येत नाही. बालाघाट सरांनी बारावीच्या पुस्तकाचा उल्लेख केला तो मला महत्त्वाचा वाटतो, कारण मराठीत जगाच्या इतिहासाचा इतका सुटसुटीत आरंभ दुसरीकडे सहसा मिळत नाही.

वर्णनात्मक उत्तरासाठी पुस्तक कसे पारखावे याचे एक उदाहरण देतो. पुस्तक उघडून 1875 च्या दख्खनच्या दंग्यांचे प्रकरण काढा. काही पुस्तकांत “1875, पुणे व अहमदनगर जिल्हे, सावकारांविरुद्ध उठाव, 1879 चा कायदा” एवढेच मिळेल. ही नोंद चुकीची नाही, पण तिच्यावर दहा गुणांचे उत्तर उभे राहत नाही. चांगल्या पुस्तकात आपल्याला कारणांची साखळी दिसेल. 1861 ते 1865 या काळातील अमेरिकन यादवी युद्धामुळे इंग्लंडला अमेरिकेचा कापूस मिळेनासा झाला, दख्खनच्या कापसाला भाव आला आणि सावकारांनी शेतकऱ्याला हात सैल सोडून कर्जे दिली. युद्ध संपताच भाव कोसळले. त्याच सुमारास सरकारने फेरपाहणी करून शेतसारा वाढवला. रयतवारीत, म्हणजे थेट शेतकऱ्याकडून सारा घेण्याच्या पद्धतीत, तो रोखीने आणि वेळेवर भरायचा असल्याने शेतकरी पुन्हा सावकाराच्या दारात गेला, परंतु आता सावकार नवे कर्ज द्यायला तयार नव्हता, जुन्याची वसुली मात्र दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याने करत होता. म्हणूनच 12 मे 1875 रोजी सुपे येथे उठाव झाला, तेव्हा लोकांचा रोख माणसांपेक्षा कर्जरोख्यांवर आणि खतपत्रांवर होता. ती मिळवून जाळली गेली. पुढे चौकशी आयोग आला आणि 1879 चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला.

ही साखळी ज्या पुस्तकात आहे ते पुस्तक एकदा वाचले तरी सनावळी आपोआप लक्षात राहते, कारण प्रत्येक वर्षाला मागचे पुढचे काहीतरी जोडलेले असते. शिवाय त्याच पुस्तकातून वस्तुनिष्ठ प्रश्नही सुटतो. उलट दिशेने मात्र जाता येत नाही.


पूर्णाकाठ (वसमत)

मांजरा सर, हे उदाहरण वाचून माझ्याकडील तिन्ही पुस्तकांत ते प्रकरण काढून पाहिले. पदवीच्या पुस्तकात आपण सांगितलेली साखळी बहुतांशी आहे, ठोकळ्यांत नाही. तेव्हा एका बाजूने उत्तर मिळाल्यासारखे वाटते. पण त्याच पदवीच्या पुस्तकात मराठवाडा शोधला तर तो सापडत नाही. दख्खनचे दंगे, सार्वजनिक सभा, सत्यशोधक समाज, सोलापूरचा 1930 चा मार्शल लॉ हे सर्व सविस्तर आहे. निजामाच्या राज्यातील पाच मराठी जिल्ह्यांत त्या वेळी काय चालले होते, याबद्दल काहीच नाही. याचे कारण काय असावे आणि हा भाग कोठून वाचावा?


बालाघाट (अंबाजोगाई)

ताई, हा प्रश्न या धाग्याचा गाभा आहे असे मी मानतो, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

आधुनिक महाराष्ट्राचा म्हणून जो इतिहास आपण शिकतो, तो प्रामुख्याने मुंबई इलाख्याचा इतिहास आहे. त्याची साधने इंग्रजी प्रशासनाची आहेत: महसुली पाहण्या, आयोगांचे अहवाल, पुण्या-मुंबईची वृत्तपत्रे आणि मुंबई इलाख्याची गॅझेटिअर्स. मराठवाडा त्या इलाख्यात नव्हताच. पुणे, नाशिक, सोलापूर यांची जुनी गॅझेटिअर्स इंग्रजांनी काढली, पण औरंगाबादचे 1884 चे गॅझेटिअर निजामाच्या सरकारने काढलेले आहे. हैदराबादच्या दफ्तराची भाषा आधी फारसी आणि नंतर उर्दू होती. त्यामुळे पाठ्यपुस्तकाचा लेखक जेव्हा हाताशी असलेल्या इंग्रजी व मराठी साधनांवरून पुस्तक रचतो, तेव्हा गोदावरीच्या या खोऱ्यातील पाच जिल्हे त्याच्या नजरेतून निसटतात. त्यात कोणाचा आकस असतो असे मी म्हणणार नाही, पण परिणाम मात्र आपल्या विद्यार्थ्यांना भोगावा लागतो: त्यांना आपला स्वतःचा प्रदेश परीक्षेत पुरवणी म्हणून वाचावा लागतो.

अभ्यासाच्या दृष्टीने याचा एक मोठा तोटा आहे. मुंबई इलाख्यातील घटनाक्रम मराठवाड्यावर जसाच्या तसा लावता येत नाही. सभा, संघटना आणि वृत्तपत्रे यांना निजामी राज्यात मोकळीक नव्हती, म्हणून येथील जागृती ग्रंथालये, गणेशोत्सव, आर्य समाज आणि राष्ट्रीय शाळा यांच्या वाटेने झाली. 1921 मध्ये हिप्परग्याला राष्ट्रीय शाळा निघाली आणि काही वर्षांनी स्वामी रामानंद तीर्थ तेथे शिक्षक म्हणून आले. पुढे अंबाजोगाईच्या शाळेने तेच कार्य केले. 1937 मध्ये परतूरला महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. 1938 मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापन होताच तिच्यावर बंदी आली आणि त्याच वर्षी सत्याग्रह झाला. वसतिगृहात “वंदे मातरम्” म्हणण्यास मनाई झाली म्हणून उस्मानिया विद्यापीठातील आणि औरंगाबादच्या महाविद्यालयातील विद्यार्थी बाहेर पडले, त्यांपैकी अनेकांना नागपूर विद्यापीठाने प्रवेश दिला. स्टेट काँग्रेसवरील बंदी 1946 मध्ये उठली. म्हणजे ज्या काळात मुंबई इलाख्यात प्रांतिक मंत्रिमंडळे कारभार करत होती, त्या काळात आपल्याकडे संघटना स्थापन करण्याच्या हक्कासाठीच लोक तुरुंगात जात होते. हा फरक ज्या पुस्तकात सांगितलेला नाही, ते पुस्तक वाचून मुक्तिसंग्रामाचा अर्थ लागत नाही. तो एकदम 1947 मध्ये कोठून उगवला असे वाटते.

आता पारखण्याची कसोटी. पुस्तकात हैदराबादचे प्रकरण काढा आणि पुढील क्रम त्यात आहे का ते पाहा. 29 नोव्हेंबर 1947 चा जैसे थे करार, मुक्तिलढ्याचे सरहद्दीवरील कॅम्प आणि निजामाच्या बाजूच्या रझाकारांचे अत्याचार, 13 सप्टेंबर 1948 रोजी सुरू झालेली पोलीस कारवाई, 17 सप्टेंबरला निजामाने केलेली शरणागतीची घोषणा आणि 18 सप्टेंबरला निजामाचे सेनापती अल् इद्रूस यांनी जनरल चौधरी यांच्यापुढे पत्करलेली औपचारिक शरणागती, त्यानंतरचा लष्करी प्रशासनाचा काळ, निजामाचे राजप्रमुखपद, 1952 ची निवडणूक, 28 सप्टेंबर 1953 चा नागपूर करार, 1 नोव्हेंबर 1956 रोजी मराठवाड्याचा द्विभाषिक मुंबई राज्यात समावेश, आणि 1 मे 1960. जे पुस्तक 17 सप्टेंबर 1948 ला थांबते, ते मुक्तिसंग्राम सांगते पण मराठवाडा महाराष्ट्रात कसा आला हे सांगत नाही. प्रश्न मात्र दोन्हींवर येतात.

स्वतंत्र वाचनासाठी अनंत भालेराव यांचे “हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा” हे पुस्तक अवश्य मिळवा. ते स्वतः या लढ्यात होते आणि नंतर “मराठवाडा” या दैनिकाचे संपादक झाले. परीक्षेचे पुस्तक म्हणून ते लिहिलेले नाही आणि तसे वाचूही नये. एकदा सलग वाचून काढावे, आपल्या टिपणात क्रम आणि माणसे नोंदवावीत, आणि मग आधारग्रंथाकडे परत यावे. जिल्ह्याजिल्ह्यातील तपशिलासाठी राज्य शासनाची जिल्हा गॅझेटिअर्स आहेत. मराठवाड्यातील जिल्ह्यांची ही गॅझेटिअर्स महाराष्ट्र स्थापनेनंतर निघाली आणि त्यांतील इतिहासाचे प्रकरण पुष्कळ तपशीलवार आहे.


गोदातीर (नांदेड)

सरांच्या यादीत थोडी भर. मराठवाड्याचा विषय निघाला की आपण सरळ 1938 वर जातो, पण त्याआधीचे शतकही परीक्षेत येऊ शकते. हटकरांचा उठाव घ्या. नोव्ह्याच्या गढीतून नौसाजी नाईकांनी निजामाच्या आणि इंग्रजांच्या फौजेशी 1819 च्या आरंभी दिलेली झुंज अनेक पुस्तकांत नाही. “1857 पूर्वीचे उठाव” या प्रकरणात भिल्ल, रामोशी, कोळी असतात आणि हटकर राहून जातात. 1857 च्या प्रकरणात औरंगाबादच्या घोडदळातील असंतोष आणि 17 जुलै 1857 रोजी हैदराबादच्या रेसिडेन्सीवर, म्हणजे इंग्रज प्रतिनिधीच्या निवासस्थानावर, तुर्रेबाज खान व मौलवी अल्लाउद्दीन यांच्या नेतृत्वाखाली झालेला हल्ला आहे का ते पाहावे. उमरीची बँक 30 जानेवारी 1948 रोजी लुटून मुक्तिलढ्यासाठी पैसा उभा केला गेला, हेही आमच्या जिल्ह्यातील विद्यार्थ्याला माहीत असले पाहिजे.

मराठा कालखंडाबाबत तर आपली बाजू भक्कम आहे. पालखेड 1728, उदगीर 1760, राक्षसभुवन 1763, असई 1803 या चारही लढाया आजच्या मराठवाड्याच्या भूमीवर झाल्या. नकाशा घेऊन या जागा एकदा पाहिल्या की मराठे आणि निजाम यांच्या संबंधाचे प्रकरण कोरडे राहत नाही. ज्या पुस्तकात नकाशे आहेत, त्याला मी त्यासाठीच झुकते माप देतो.


तेरणा (धाराशिव)

गोदातीर यांना एक विनंती. ही माहिती मोलाची आहे, पण नव्याने तयारी करणाऱ्याने येथूनच सुरुवात करू नये. मी अभ्यासिकेत अशी मुले पाहिली आहेत, जी एका जिल्ह्याच्या गॅझेटिअरमध्ये महिनाभर रमतात आणि पुणे कराराची तारीख विचारली तर थबकतात. आयोगाचे बहुसंख्य प्रश्न मुख्य प्रवाहातील घटनांवरच असतात. आधी तो पाया, मग मराठवाडा.


बालाघाट (अंबाजोगाई)

तेरणा यांचे म्हणणे योग्य आहे आणि क्रमाबाबत मी त्यांच्याशी सहमत आहे. वेळेची विभागणी परीक्षेने ठरवावी, जिव्हाळ्याने नव्हे. परंतु “आधी पाया” म्हणून हा भाग पुढे ढकलला की तो परीक्षेच्या आदल्या आठवड्यापर्यंत ढकलला जातो, हेही मी पाहिले आहे. म्हणून सुचवतो की, आधारग्रंथाचे प्रत्येक प्रकरण संपल्यावर टिपणवहीत डाव्या पानावर मुख्य घटना आणि उजव्या पानावर त्याच वर्षांत हैदराबाद संस्थानात काय घडत होते ते लिहावे. डावीकडे 1853 ला मुंबई-ठाणे रेल्वे, तर उजवीकडे त्याच वर्षीचा वऱ्हाडचा करार आणि सालारजंग दिवाण होणे. डावीकडे 1930 चा सविनय कायदेभंग, उजवीकडे त्याच चळवळीला संस्थानात प्रवेश का नव्हता याचे कारण. अशी वही झाली की मराठवाड्यासाठी वेगळे पुस्तक जवळ बाळगण्याची गरज उरत नाही.


सिंदफणा (माजलगाव)

थोडा व्यवहाराचा प्रश्न. छत्रपती संभाजीनगरच्या औरंगपुऱ्यात जुनी पुस्तके निम्म्या किमतीत मिळतात. इतिहास काही बदलत नाही, मग जुनी आवृत्ती घेतली तर चालेल का?


मांजरा (लातूर)

विवेचनात्मक पुस्तकाची जुनी आवृत्ती चालते. दख्खनच्या दंग्यांची कारणे नव्या आवृत्तीत बदलत नाहीत. प्रश्नसंग्रह असलेला ठोकळा मात्र जुना घेऊ नये, कारण त्याचे मोल मागील वर्षांच्या प्रश्नांत आणि अंतिम उत्तरतालिकांत आहे. जिल्ह्यांची नावे, जिल्ह्यांची संख्या यांसारख्या गोष्टीही जुन्या आवृत्तीत मागे राहतात: औरंगाबाद आणि उस्मानाबाद यांचे छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव असे नामांतर 2023 मध्ये अमलात आले, आणि काही जुन्या पुस्तकांत तर हिंगोली अद्याप परभणीतच आहे, जरी तो 1999 पासून स्वतंत्र जिल्हा आहे. जुने पुस्तक घेताना आधीच्या मालकाने पेनाने केलेल्या दुरुस्त्यांवर विश्वास ठेवू नये, त्या पडताळून पाहाव्यात.


पूर्णाकाठ (वसमत)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. या चर्चेनंतर मी असे ठरवले आहे: आठवीचे बालभारतीचे पुस्तक आधी पूर्ण करायचे, पदवीचे पुस्तक आधारग्रंथ म्हणून ठेवायचे, आणि दोन ठोकळ्यांपैकी ज्याची उत्तरे अंतिम तालिकेशी जुळतील तोच ठेवून दुसरा अभ्यासिकेतील मैत्रिणीला विचारून देऊन टाकायचा. उजव्या पानाची वही उद्यापासून सुरू करते. फक्त एक शंका राहते. चौरीचौरासारखी तारीख दोन पुस्तकांत दोन प्रकारे आली, तर परीक्षेत काय लिहावे?


बालाघाट (अंबाजोगाई)

चौरीचौराची घटना 4 फेब्रुवारी 1922 ची आहे. 5 फेब्रुवारी ही तारीख अनेक जुन्या पुस्तकांत छापली गेली आणि तेथून ठोकळ्यांत उतरली. अशा प्रत्येक ठिकाणी आधी आयोगाने तो प्रश्न पूर्वी विचारला आहे का आणि अंतिम तालिकेत कोणते उत्तर धरले ते पाहावे. विचारला नसेल तर बालभारतीचे पुस्तक आणि विद्यापीठीय दर्जाचा एखादा ग्रंथ यांत जे समान असेल ते धरावे. हे दोन्ही पुस्तकांच्या संदर्भपानांसह वहीच्या शेवटी नोंदवून ठेवावे, कारण पुढे एखाद्या प्रश्नावर आक्षेप घ्यायची वेळ आली तर आयोगाला पुरावा म्हणून ग्रंथाचे नाव आणि पान द्यावे लागते, आणि आक्षेपासाठी मिळणारी मुदत मोजक्या दिवसांचीच असते. ठोकळ्यातील पानाला तेथे सहसा वजन नसते. नको असलेला ठोकळा देऊन टाकण्यापूर्वी त्यातील मुक्तिसंग्रामाचा भाग मात्र मी वर दिलेल्या क्रमाशी एकदा ताडून घ्या. त्यात काही चुकीचे असेल तर ज्या मैत्रिणीला देणार तिलाही तसे सांगा.